कुंचीचे नारिंगी बंद

३ नोव्हेंबर १९७५
शेवटी नारिंगी रंग साधला. सूत दोनदा बुडवलं, सावलीत वाळवलं. लहान मागावर दोन बोटं रुंदीची पट्टी विणली, काठ हिरवा. डोळ्यांना गार वाटलं. तासगावच्या दुकानदारानं रंगाची पुडी जुन्या कागदात बांधून दिलेली, वर नाव नाही. "घट्ट रंग हाय वैनी, जायाचा न्हाई." माझ्या बोटांवरून तरी गेला नाही.
मामंजी मोठ्या मागावर काळं घोंगडं विणत होते. पट्टी हातात घेतली, परत दिली. "लय भडक." एवढंच. सासऱ्यांकडून कौतुक ऐकायचं म्हणजे...

६ नोव्हेंबर
बाजारात बटवे तसेच राहिले, पण बाळांच्या कुंचीला लावायचे बंद सगळे गेले. सहा जोड्या! सातवी जोडी शेजारच्या अंजनाला दिली, तिच्या चार महिन्यांच्या लेकीसाठी. ह्यांना पलटणीच्या पत्त्यावर पत्र टाकलं. फुशारकी जरा जास्तच मारली.

११ नोव्हेंबर
मनगटावर फोड. रॉकेलनं पुसलं, नुसती आग झाली. मामंजींनी माझा हात धरून वास घेतला. "ह्यो वास सुताचा न्हाई, सुशे."
अंजना कुंपणावरून हसत म्हणाली, "बंद सारखा चोखतीया बघ. ग्वाड लागतोय जणू." मीही हसले.

१३ नोव्हें.
परसात रंगाचं पाणी ओतलं होतं. दोन कोंबड्या तिथंच मरून पडल्या. मामंजींना म्हटलं, रोग आला असेल. त्यांनी खड्डा खणून पुरल्या.
बाजारला गेले नाही. रंगाचं पातेलं पालथं घातलं. का, ते लिहीत नाही.

१५ नोव्हें.
अंजनाची लेक दूध टाकते. तिच्या घरच्यांनी दृष्ट काढली. मी गेले तेव्हा बंदाचं टोक ओलं, रंग फिका. "मळलाय गं, धुऊन देते," म्हणून दोन्ही सोडवून आणले. खरं सांगणारच होते. तेवढ्यात तिची सासू आत आली आणि मी...

१६ नोव्हें.
पोरीचे ओठ निळे पडले. एस.टी.नं तासगावला नेली, मीही गेले. डॉक्टर विचारत होते, "तोंडात काय गेलंय का?"
"काय न्हाई वो, नुसतं माझं दूध," अंजना म्हणाली.
मी तिच्या मागंच. हात पदराखाली.
घरी येऊन मामंजींना सांगितलं. माग थांबला. त्यांनी धोटा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बंद घे, पुडी घे. सकाळच्या पयल्या गाडीनं जायाचं. मी येतो संगं."

१७ नोव्हें.
डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी माझी बोटं बघितली, पुडी घेतली आणि जवळजवळ पळतच आत गेले. अंजनानं ऐकलं. "धुऊन देते म्हनलीस तू." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
पोरीचा श्वास चालू आहे. पुढचं सांगता येत नाही म्हणतात.
आणि त्या विकलेल्या सहा जोड्या. हे काल का सुचलं नाही?

२० नोव्हें.
अंजनाच्या घराला अजून कुलूप.
बाजारात काही न मांडता बसले. कधी कुणापुढं हात न पसरलेले मामंजी कुंचीवाली प्रत्येक बाई अडवत होते. "आवं बाई, तेवढा बंद सोडा. इख हाय त्यात. आमच्याच घरचं हाय." लोक जमले. काही हसले. एकीनं बंद माझ्या तोंडावर फेकला.
चार जोड्या मिळाल्या. चारींची टोकं चोखलेली. पाचवी एकीनं उंब्रजला भाचीकडं धाडली आहे, उद्या मामंजी जातील.
सहावी. घेणारीनं घासाघीस केली नाही, एवढं आठवतं. हिरवं लुगडं, खांद्यावर झोपलेलं पोर. कुठल्या गावची, विचारलं नव्हतं. सकाळपासून डोळे मिटून बघते आहे, तिचं तोंड काही केल्या आठवत नाही.