मागायचं ते अर्धं

३ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. मी इथे मजेत आहे. तूही मजेत असशील असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. बाकी तुझ्या पत्रावरून तू कसा आहेस हे आजवर कुणाला कळलंय? अंगात सणसणून ताप असतानाही तू "बरं चाललंय, काळजी नसावी" एवढंच लिहिलेलं आहेस. फोनवर विचारावं तर तुझे कान कारखान्यातल्या ठोकाठोकीने कधीच बसलेले. म्हणून आपली ही पत्रं. सगळे हसतात मला, या काळात पत्रं लिहिते म्हणून. हसोत.

तुझं पत्र मिळालं. डोळ्याचं ते छोटं काम वीस तारखेला ठरलंय हे वाचलं. "जमलं तर एक दिवस येऊन जा, नाही जमलं तरी चालेल." बघते रे. खरंच बघते. अडचण अशी आहे की त्याच आठवड्यात मला समितीपुढे उभं राहायचंय. वर्षभरात काय दिवे लावले ते दाखवायचं, आणि त्यांना पटलं तरच पुढच्या वर्षी इथे राहता येणार. शाळेतली पक्की नोकरी सोडून चाळिशीत शिकायला आलेल्या बाईला कुणी दोनदा संधी देत नाही. म्हणून लगेच हो म्हणत नाही. रागावू नकोस.

आणि चष्मा पुसत जा जरा. "चष्मा घाण झालाय, अक्षर मोठं काढ" म्हणे. हे बघ, मोठं काढतेय. पहिलीतल्या पोरांना गिरवायला देतात तसं.

आता माझी बातमी ऐक. मला विद्यापीठाच्या मोठ्या संगणकावर खातं मिळालं. हे बँकेतलं खातं नव्हे. तो संगणक सगळ्यांचा मिळून एकच आहे, आणि त्यावर काम करायचं तर आपल्या नावाची परवानगी लागते, तिला खातं म्हणतात. आधी माझ्या सरांनी हमी दिली, मग नियम वाचून सही केली, मग एक नाव आणि एक गुप्त शब्द मिळाला, आणि वर दरवेळी फोनवर येणारा आकडा घालायचा. एवढे सोपस्कार करून आत शिरले तर काय दिसावं? काळा पडदा आणि कोपऱ्यात एक लुकलुकणारी रेघ. चित्र नाही, बटण नाही, ये बस म्हणायला कुणी नाही. पहिल्या दिवशी मी त्या रेघेकडे बघत बसले आणि ती माझ्याकडे.

खुद्द संगणक म्हणजे तळमजल्यावर कुलपाआडच्या गार खोलीत कपाटांच्या रांगाच रांगा आहेत. दाराच्या काचेतून बघितल्या. आत इतका घोंघाट चालतो की तू तिथे काम केलं असतंस तरी कान गेलेच असते.

माझं गणित तुला माहीतच आहे. जोडलेल्या लोखंडावर रोज ओझं पडत राहिलं तर जोड किती वर्षांनी तडकेल, ते काढायचं. मागे तू फणकाऱ्याने म्हणालास, "मी जोडलेलं तडकत नाही." तडकतं रे दादा. तुझंही तडकतं, फक्त उशिरा.

आणि पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. त्या संगणकाला एक दारातली मशीन असते. सगळे तिच्यातूनच आत जातात. तिथे आपलं काम फक्त लिहून द्यायचं आणि रांगेत लावायचं, नंबर आला की आतल्या मशिनी ते करतात. मला वाटलं, आत कशाला कुणाला त्रास, इथेच एका कडेला उरकून टाकू. दारातच गणित मांडून बसले, आणि सगळ्या विद्यापीठाचं येणंजाणं तुंबलं. थोड्या वेळाने तिथल्या व्यवस्थापक बाईंचा निरोप आला की तुमचं काम मी बंद केलंय, दारात काम चालवत नाहीत, नियम वाचून सही केली होतीत ना? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

असो. हळूहळू जमेल. डोळ्यात थेंब वेळेवर घाल, आणि मला उलट टपाली कळव.

तुझी
चिमणी


१२ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. तुझं उत्तर मिळालं. "तू समितीचं बघ, माझं काही अडत नाही, शेजारच्या शिंपीणबाई आहेत." वाचून, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. पत्र घडी करून पिशवीत टाकलं आणि कामाला लागले.

आता मी शहाण्यासारखी रांगेत काम लावते. पण तिथे एक गंमत आहे. काम लावताना आधीच सांगावं लागतं की मला मशीन किती वेळ हवी. तो वेळ संपला की संगणक काम बंद करतो, मग ते कुठेही पोचलेलं असो. जास्त वेळ मागितला तर नंबर उशिरा लागतो, कमी मागितला तर लवकर. माझ्या गणिताला दोन दिवस लागणार हे मला चांगलं ठाऊक होतं. मी मागितला एक.

का मागितला म्हणून काय विचारतोस! तूच शिकवलंस. आईबाबा गेल्यावर काकांच्या घरी राहायला गेलो, तेव्हा त्यांच्या जिन्यातच तू माझी वेणी नीट करत सांगितलंस, "चिमणे, इथे भूक असेल त्याच्या अर्धं मागायचं. म्हणजे आपण कुणाला जड होत नाही." काकू वाईट नव्हती बिचारी, पण आपण अर्धंच मागितलं. जेवण, पांघरूण, शाळेच्या वह्या, सगळं अर्धं. ती खोड इतकी अंगी भिनलीय की निर्जीव यंत्रापुढेही माझ्या तोंडून पुरतं मागणं निघेना.

झालं, एका दिवसाने काम वाटेतच बंद पडलं. हाती शून्य, कारण अर्धवट गणिताचं उत्तर नसतं. पुन्हा लावलं, या खेपेला जरासा वेळ वाढवून. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं आणि व्यवस्थापक बाईंनी मला खाली बोलावून घेतलं.

मी जीव मुठीत धरून गेले. बाई माझ्याहून वयाने मोठ्या, आवाज पातेलं खरवडल्यासारखा. त्यांनी मला खुर्ची दिली, माझी बंद पडलेली कामं पडद्यावर दाखवली आणि विचारलं की दरवेळी इतका कमी वेळ का मागता. मी म्हटलं, बाकीच्यांनाही मशीन लागते, मी कशाला अडवून ठेवू?

त्यांनी आपली खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाल्या, "अर्धं मागून तुम्ही कुणावर उपकार करत नाही. काम अर्ध्यात मरतं आणि परत पहिल्यापासून करावं लागतं. ज्यांच्यासाठी जागा सोडलीत, त्यांचीच जागा तुम्ही तीनदा खाल्लीत. लागतं तेवढं मागा आणि रांगेत उभ्या राहा. रांग त्यासाठीच असते."

बोलल्या जरा तोडून, पण त्यात राग नव्हता. वर म्हणाल्या की उलट माणसं रोज भेटतात, चार दिवस मागून एका तासात संपवणारी. कमी मागून मरणारं माणूस पहिल्यांदाच बघितलं. मी हसले. जिन्याने वर येताना मात्र मला हसू येईना. कशाने ते तेव्हा कळलं नाही.


१४ नोव्हेंबर

परवा इथवर लिहून ठेवलं होतं. आता पुढचं.

तुझं पत्र पुन्हा काढलं. दोन्ही काढली. "जमलं तर एक दिवस येऊन जा."

दादा, लहानपणी मी काकूकडे "थोडंसं" म्हणाले की तू आपल्या ताटातलं गुपचूप माझ्याकडे सरकवायचास. माझं अर्धं तू नेहमी दुप्पट करून ऐकलंस. आणि तू एक दिवस म्हणालास तर मी तो एकच दिवस समजले. तुझ्या तोंडून "ये" हा शब्द आजवर मी ऐकलेला नाही. तुला शाळेत बक्षीस मिळालं त्या समारंभालाही तू मला ये म्हणाला नव्हतास, मीच आले होते. आणि या खेपेला तू चक्क लिहिलंस, तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

मग मला चष्माही आठवला. तुझी अक्षरं आठवली, एका ओळीवर दुसरी चढलेली. आणि जे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं पण मनाला शिवू दिलं नव्हतं, ते आठवलं. तुझा उजवा डोळा कारखान्यात लोखंड जोडताना उडालेल्या त्या ठिणगीने कधीच गेला. गेलेल्या डोळ्याचं ऑपरेशन कुणी करत नाही. म्हणजे हे छोटं काम डाव्या डोळ्याचं आहे. तुला तेवढा एकच आहे.

मी शिंपीणबाईंना फोन केला. त्यांच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. डोळ्याच्या पडद्याला भोक पडलंय. ऑपरेशननंतर आठवडाभर पालथं पडून राहायचं, त्यानंतरही बरेच दिवस त्या डोळ्याने धड दिसणार नाही, आणि पुढे किती दिसेल याची डॉक्टर खात्री देत नाहीत. त्यांच्याकडे तू काय मागितलंस, तर दोन दिवस डबा. त्यांनी आणखी एक सांगितलं. भांडं परत द्यायला त्या आल्या होत्या, दार उघडं होतं, आणि तू डोळे मिटून, भिंतीला हात लावत पलंगापासून नळापर्यंत जाऊन बघत होतास. तुला त्यांची चाहूल लागली नाही. त्या तशाच परत गेल्या.

दादा, मी इथे टेबलावर डोकं ठेवून रडले. मला तुझा इतका राग आला आणि तुझी इतकी माया आली की काय करावं सुचेना.

मग उठून सरांकडे गेले आणि म्हटलं, मला तीन आठवडे हवेत. तुझं सगळं सांगितलं. समितीची तारीख बदलणं त्यांच्या हातात नाही. माझ्या जागी ते स्वतः बोलणार आहेत, पण जिचं काम तीच हजर नाही हे समितीला कितपत रुचेल, ते त्यांनाही माहीत नाही. वर्ष जाईल कदाचित. गेलं तर गेलं. गणित पुरे दोन दिवस मागून रांगेत लावलंय, नंबर लागला की आपोआप चालेल. त्यापुढे मी बसून राहायची गरज नाही.

मी अठराला सकाळी पोचते. एका दिवसासाठी नाही, तीन आठवड्यांसाठी. कमी पडले तर आणखी राहीन. येऊ का म्हणून विचारत नाही, येतेय म्हणून सांगतेय. शिंपीणबाईंना हे पत्र तुझ्यासमोर धरून ठेवायला सांगितलंय. भिंगाने, वेळ लागला तरी, शेवटपर्यंत वाच.

एक गोष्ट मला सारखी छळत होती. तुला ऐकू येत नाही, त्या दिवसांत दिसणारही नाही. त्या काळोखात तुझ्याशी कुणी बोलायचं कसं? डॉक्टर आले, रात्र झाली, पाणी हवंय का, हे तुला कोण आणि कसं सांगणार? दोन दिवस मी याच विचारात होते. आता सापडलं. तू पालथा पडलेला असशील ना, मी शेजारी बसेन आणि तुझ्या पाठीवर बोटाने लिहीन. एकेक अक्षर, मोठ्ठं. रोजच्या रोज, सगळं. आणि तुला जे हवं असेल ते तू मोठ्याने, पुरतं मागायचंस.

तुझ्या पाठची,
चिमणी