जमीलच्या नावाचे दगड

१२ सप्टेंबर
हिवरदऱ्याचा तलाव बघून आलो. डोंगरात काठोकाठ पाणी. माणसाचे डोळे निवावेत, माझं डोकं फिरलं. बहात्तरच्या दुष्काळात हा बांध माझ्या आजोबांनी घातला — जमील मिस्त्री. पुढच्याच पावसाळ्यात फुटला, खालची रानं वाहून गेली. गावानं खापर मिस्त्रीवर फोडलं, दगड मारत हाकललं. आजोबा बीडला येऊन खंगून मेले. बांध नंतर दुसऱ्यांनी दुरुस्त केला. पण पायथ्याला त्या दगडांचा ढीग अजून हाय. जमीलचा ढीग म्हणतात. जाणारा-येणारा दगड टाकतोच.
उट्टं काढल्याशिवाय राहणार न्हाई. बांध आपोआप फुटलेला न्हाई. कुणीतरी फोडला.

१४ सप्टेंबर
परत गेलो. कुणाचा कोण ते सांगितलं न्हाई. मासे धरणारा धुळाजी बोलका निघाला. "आदी दगड टाकताना म्हणायचे, जमील, तुजं पाप तुज्यावर. लेकरांच्या तोंडी उलटं झालं — माजं पाप तुज्यावर. आता समदे आपलंच पाप टाकून मोकळे हुतेत. गुण बी येतो लई." एका बाईचा जुना खोकला गेला म्हणे!
म्हणजे माझा आजा यांचा उकिरडा. वरून नवसाला पावणारा.

१५ सप्टेंबर
सापडला.
अर्जुनराव. गावचा जुना सरपंच, धुळाजीनं काल दाखवलेला. बांध फुटला तेव्हा कॉलेजात जाणारा पोरगा, आमच्या गावातल्या घराशेजारचा. ढिगापाशी एकटाच आला. दगड ठेवला, टाकला न्हाई. सगळे म्हणतात तसं म्हणाला न्हाई. "जमीलभाई, माजं पाप तुज्यावर घातलं मी" — आणि रडला. मी झाडाआड होतो. मोबाईल चालूच होता.

१६ सप्टेंबर
धुळाजीकडून क्लिप गावच्या ग्रुपवर टाकून घेतली. खाली लिहिलं — बांध कुणी फोडला ते याच्याच तोंडून ऐका. मिस्त्रीचा नातू, कलीम.
संध्याकाळी धुळाजीचा फोन. अर्जुनरावाच्या दारावर दगड पडायला लागलेत.
पडू दे.

१९ सप्टेंबर
पारावर गाव जमलं. मी सगळ्यांसमोर अर्जुनरावाला विचारलं, "आता कावून गप? बोला की." हात जोडून उभा. त्याची सून रोहिणी रडत होती — "मामंजी, न्हाई म्हणा एकदा." न्हाई म्हणाला न्हाई. गर्दीतून कुणीतरी चप्पल मारली. गालावर लागली. मी मुद्दाम जवळ जाऊन बघितलं.

२० सप्टेंबर
दोन भाकरी जास्त खाल्ल्या. झोप पण झकास.

२१ सप्टेंबर
दादीला, मदिनाबीला, गोड बातमी द्यायची होती. ऐकू कमी येतं, कानाशी जाऊन सांगितलं — दादी, बांध फोडणारा घावला. अर्जुनराव.
 दादी म्हणाली, "बांधाच्या मोरीचं बूच मी काढलंतं. पावसानं ताण दिलता, मिरच्यांना पाणी सोडायला. परत बसंना. भिऊन घरी पळाले, सकाळी बांध गेलता. तुज्या आजोबानं आपल्यावर घेतलं. अर्जुननं मला बघितलंतं. आजोबानं त्याला कसम घातली, मदिनाचं नाव कधी काढू नको. लेकरानं न्हाई काढलं. गप ऱ्हायल्याचं पाप मातर मनाला लावून घेतलं."
मग माझा हात धरला. "तू त्याला काई बोललास का?"