कोंड्यातला हात

कियोताका दादा,

वसंतात क्योतोला परत येतो म्हणाला होतास. आता छताखालच्या आपल्या बाजारगल्लीत वांग्यांचा हंगामही संपत आला.

बाबांचा उजवा हात निकामी झाल्यापासून लोणच्याच्या पिंपातला, भाज्या मुरवायचा तांदळाचा खारा कोंडा रोज मीच हाताने खालीवर करते. आम्लता मोजते, मीठ मोजते. तरी गल्ली विचारते, "थोरला कधी येतोय?" दुकान नव्या हातात गेलं की दाराला लावायचा नवा पडदाही बाबांनी तुझ्यासाठीच राखून ठेवला होता.

काल समोरच्या मासेवाल्या हिराईकाकूंनी काकडीची फोड तोंडात टाकली आणि ओरडल्या, "अगं, दादा आला वाटतं तुझा! ही तुमच्या घरची चव. पोरींच्या हाताला कुठली यायला?"

बाबा शेजारीच होते.

मी हात पुसले. "हो काकू, आलाय. आत कोंडा ढवळतोय."

आज गल्लीभर तू परतल्याची बातमी आहे आणि गिऱ्हाईक वाढलंय. सकाळी बाबांनी डाव्या हाताने तो पडदा दाराला लावला. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

हे पत्र टपालात टाकणार नाही. वाचून खरंच आलास तर?

तुझ्या जागेवरून,
मिझुहो