दोरीवरचे चिमटे

बाई, नातीने नवी वही हातात दिली आणि म्हणाली, आजी, बस लिहीत. चौथीपर्यंत शिकलेली मी, काय लिहिणार! पण काल तिने स्टेजवर ते बटणांचं यंत्र वाजवलं, शेजारी तिची आई, म्हणजे माझी लेक, वायरी सांभाळत उभी. टाळ्या थांबेनात. मी आनंदाने दोन बटाटेवडे जास्तच खाल्ले. रिक्षात बसल्यावर तुमची आठवण आली आणि छातीत तेच जुनं जळायला लागलं.

रंगीत टीव्ही नुकता आला होता तेव्हाची गोष्ट. मी भांडुपहून मुलुंडला तुमच्या ब्लॉकात पोळ्या आणि धुणं करायला यायची, शाळा सुटली की लेकीला सोबत घेऊन. आणि तुमचं ते संगीत! तंबोरा नाही, तबला नाही, यंत्रातून नुसतं घूं घूं, त्यात माझ्या कुकरची शिट्टी पकडून घातलेली. टेपची पट्टी तुम्ही ब्लेडने कापायच्या, तुकडे गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी लावायच्या आणि त्याच ओळीने चिकटवायच्या. मी ओले कपडे घेऊन ताटकळत. "मावशी, आज दोरी माझी!" ठीक आहे, दोरी तुमची. पण लेकही तुमचीच व्हायला लागली. घरी बिनसाखरेचा चहा मागते, तुमच्यासारखा. मी भाकरी थापतेय तर म्हणते, "आई, हळू ना. बाई म्हणतात, प्रत्येक आवाजाला जागा द्यावी."

"मग जेवायलाही बाईंकडेच जा."

एका दुपारी तुम्ही दूध आणायला खाली उतरलात. मी दोन चिमटे तुकड्यांसकट इकडचे तिकडे केले. कुठल्या तुकड्यात काय, मला काय कळतंय! दोरीला हात लावायची मुभा फक्त लेकीला, म्हणजे ओरडा तिलाच बसणार, तिचं शिकणं बंद होणार, एवढंच डोक्यात.

तुम्ही तुकडे चिकटवून वाजवलेत. शिट्टी आधी, घूं घूं मागून.

"दोरीला कोणी हात लावला?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. माझी बोटं कणकेतच रुतलेली. "मी, बाई," लेक म्हणाली.

तुम्ही पुन्हा वाजवलंत. आणि हसलात! "अगं, हेच बरोबर आहे! चार दिवस डोकं फोडतेय मी. कान आहे गं तुला. उद्यापासून रोज बसायचं."

घरी जाताना मी विचारलं, खोटं का बोललीस? "तुझं काम गेलं असतं ना, आई."

ती रोज बसली. तुमच्यामागे तुमचीच यंत्रं घेऊन पोरांना शिकवायला लागली, आता नातही त्यातच. चिमट्यांचं तिने कुणाला सांगितलं नाही, मीही नाही. हे पान फाडून पिठाच्या डब्याखाली ठेवणार आहे, नातीच्या हाती नको.

तुमच्यावर तर मी जळतच होते, बाई. पण त्या दुपारपासून लेकीवरही जळले. चिमटे मी न बघताच बदलले होते, ठाऊक आहे मला. तरी कणकेचे हात घेऊन उभी होते ना, तेव्हा वाटलं, एकदा मागे वळून मलाही म्हणाल, मावशी, कान आहे तुम्हाला.