चोविसाव्या रोज्याचा रिपोर्ट

लोणी काळभोर, ९ मार्च १९९४

चि. मकसूद यास अख्तरआपाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आपल्या जैनबचे काल चोवीस रोजे झाले, एकही सुटला नाही. यात सांगण्यासारखं काय, असं तू विचारशील, पुरुषच तू. पाळीच्या दिवसांत बाईला रोजा नसतो. गल्लीतल्या प्रत्येकीचे पाच-सहा सुटलेत, माझ्या सुनेचाच एक नाही. तेव्हा महिना चुकला हे गल्लीनं माझ्याआधी ओळखलं. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर! शेजारच्या बायडाबाईनं तर दुपट्यांसाठी जुनी लुगडी काढून ठेवली.

काल इफ्तारनंतर माझा गुलजार बायकोला इथल्या लॅबमध्ये घेऊन गेला. रिपोर्ट आला, नाही. पोरगी रडली नाही, पण जेवलीही नाही. बायडाबाई म्हणते, मूल नसेल तर मग रक्त अडकलंय. तिचा काढा दोनदा घेतला की मोकळं होतं. शुक्रवारी आणून देणार आहे. गल्लीचंही तेच म्हणणं. तू एवढी लॅबोरेटरी थाटलीस, तर याहून बरं औषध असेल ते संपतच्या हाती धाड. त्याचा दुधाचा टेम्पो रोज तुझ्या दारावरूनच जातो.

बाटल्यांतून डोकं वर काढलंस तर बहिणीला दोन ओळी लिही.
तुझी,
अख्तरआपा

खडकी, १० मार्च १९९४

आदरणीय आपा यांस मकसूदचा सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. त्यात गल्लीचं मत आलं, बायडाबाईचं दोनदा आलं, जैनबचं एकदाही नाही. आम्ही बाटल्या धुता धुता धंदा शिकलो. कोण काय बोललं नाही, तेही ऐकायची सवय लागली.

एकही रोजा सुटला नाही, यावरून एवढंच कळतं की रमजान लागल्यापासून पाळी आली नाही. ती रमजानच्या आदल्या दिवशीच संपली असेल तर? पाळी पाच दिवसांची आणि पहिल्या दिवसापासून महिना अठ्ठावीसचा धरला, तर चोविसावा रोजा म्हणजे पुढची पाळी यायची तारीख. महिना चुकला कुठे, चुकायला अजून सुरुवातसुद्धा नाही! तेव्हा तिला मागच्या पाळीची पहिली तारीख विचारा. गल्लीला नको, तिला.

दुसरं, इफ्तारला सरबताचे किती ग्लास झाले होते? तेवढ्या पातळ लघवीत पट्टीला काय सापडणार! लॅबचा दोष नाही, वेळेचा आहे. पट्टी ‘आहे’ म्हणाली तर बहुधा असतंच. पण इतक्या लवकर ‘नाही’ म्हणाली, तर त्याचा अर्थ ‘अजून दिसलं नाही’ एवढाच. आठवडाभर थांबा. तोवर पाळी आली तर प्रश्नच मिटला. नाही आली, तर ईदच्या दिवशी सकाळची पहिली लघवी धाडा.

काढा मात्र देऊ नका. गर्भ असेल तर त्याला धोका, नसेल तर उगाच पोटाला ताप.

रागावलात तरी चालेल, पण ऐका.
आपला,
मकसूद

लोणी काळभोर, ११ मार्च १९९४

चि. मकसूद यास आशीर्वाद. वि. वि.

संपत तुझं पत्र घेऊन आला तेव्हा काढा तयार होऊन झाकून ठेवला होता. जैनबला रोजा होता म्हणून संध्याकाळच्या मगरिबची वाट बघत होतो, नाहीतर सकाळीच पाजला असता.

तिला तारीख विचारली. सहा वर्षांत पहिल्यांदाच विचारली. फेब्रुवारीची आठ, म्हणाली. दर वेळी अठ्ठावीस दिवसांनी येते, असंही म्हणाली. हिशेब तुझाच बरोबर निघाला. मग आधी का बोलली नाहीस, असं मी तिला म्हटलं. तर म्हणते, सगळे मोजतच होते, मला कुणी विचारलं नाही.

काढा मोरीत ओतला. बायडाबाई दोन दिवस बोलणार नाही, तेवढीच शांतता.

इथली काळजी करू नकोस, पण थोडी कर.
अख्तरआपा

खडकी, १५ मार्च १९९४

आदरणीय आपा यांस ईद मुबारक. वि. वि.

सकाळी नमाजला निघतो तोच गुलजार स्कूटरवरून आला. एका पिशवीत शीरखुर्मा, दुसरीत बाटली. कुठली पिशवी स्वयंपाकघरात न्यायची, हे मी तुमच्या भावजयीला दोनदा बजावलं. मग सणाचा दिवस असूनही लॅब उघडली.

रिपोर्ट जैनबच्या नावाच्या लिफाफ्यात बंद करून गुलजारच्या हाती दिला आहे. मला माहीत आहे, पण सांगणार नाही. रिपोर्ट जिचा तिचा. रेघ फिकी असली तरी ती रेघच, आणि पट्टी वाळल्यावर उमटलेली रेघ धरायची नसते, असं दोन ओळींत आत लिहिलंय; म्हणजे पुढे कधी गरज पडली तर कुणाला विचारायला नको.

मोठ्या बहिणीला ‘नाही’ म्हणायची ही पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.
मकसूद

लोणी काळभोर, १८ मार्च १९९४

चि. मकसूद यास आशीर्वाद. वि. वि.

दोन दिवस मी विचारलं नाही. तुझ्या बहिणीला हे किती जड गेलं असेल, याची तुला कल्पना आहेच. काल धुणं वाळत घालताना जैनबनंच सांगितलं, आहे म्हणून. आधी गुलजारला सांगितलं, मग मला. आणि गल्लीला तीन महिने झाल्याशिवाय कळू द्यायचं नाही, अशी तिची अट. मी कबूल केली.

आता अडचण अशी, की ईदनंतरचे सहा रोजे ती दर वर्षी धरते. यंदा धरू नकोस, पोटुशीला सूट असते, असं मी सांगितलं. तर म्हणाली, न धरले तर गल्ली ओळखेलच. तिचंही खोटं नाही.

म्हणून तीस वर्षांत पहिल्यांदा यंदा मीही ते धरत नाही. कालपासून दुपारी दार सताड उघडं टाकून आम्ही दोघी सासू-सुना जेवायला बसतो. आज बायडाबाई दोनदा डोकावून गेली. तिला काय तर्क करायचे ते करू दे, मी अठ्ठावन्न वर्षांची आहे.

तुझा लोभ असाच राहू दे, आणि तोंडही असंच बंद.
अख्तरआपा