आतून शंभर टक्के तांबं

१२ एप्रिल, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांना हे लागतं. तुळशीताईच्या नवापूरच्या पोल्ट्रीवरची डीपी काल जळाली आणि तो अख्खा ट्रान्सफॉर्मर तिने वाइंडिंगसाठी, म्हणजे आतली तार नव्याने भरायला, माझ्या दुकानात पाठवला. सुरतच्या लोकांना सोडून सख्ख्या भावाकडे! आतापर्यंत हिंमत इलेक्ट्रिकल्स, विसरवाडी म्हणजे पंखे आणि पाण्याच्या मोटारी. शेडमध्ये तीन हजार पक्षी, ऊन बेचाळीस डिग्री, पंखे जुन्या जनरेटरवर. ताई म्हणे, भाऊ, लवकर कर, नाहीतर माल मरेल.
संकल्प: तांबं म्हणजे तांबंच. आत ॲल्युमिनियम भरणारे सगळे चोर. ताईला हे फोनवर वीस मिनिटं समजावलं.

१५ एप्रिल
तार आणायला सुरतची पहाटे पाचची बस. साडेआठला जाग आली. बायकोने उठवलं नाही. रविना म्हणते, तीनदा उठवलं. तिसऱ्या वेळी मी म्हणे तांबं तांबं असं काहीतरी बरळून कूस बदलली. बायकोच्या भरवशावर इंजिनिअरिंग होत नाही.

१७ एप्रिल
सुरत कॅन्सल. मावसभावाची हळद. नाचावंही लागलं. पाय सुजलेत.

१९ एप्रिल, दुपारी
ताईचा फोन. जनरेटर धापा टाकतोय.
माळ्यावर ॲल्युमिनियमच्या तारेचं रीळ सापडलं. मोबाइलवर अभ्यास केला. मोठमोठ्या कंपन्याही ॲल्युमिनियम वापरतात म्हणे! उगाच बदनाम केलंय बिचाऱ्याला. फक्त तार तांब्यापेक्षा जाड घ्यावी लागते, म्हणून डीपीची टाकी मोठी लागते. आपली टाकी आहे तेवढीच. माझी तार तांब्याच्याच जाडीची आहे, ती बरोबर मावते. मावली म्हणजे झालं.
ताईला सांगितलं नाही. बायकांना टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

२२ एप्रिल
डीपी बसली! पंखे फिरले! ताईने पेढा भरवला. पहिल्यापेक्षा हलकी कशी काय, असं तिने विचारलं. म्हटलं, मॉडर्न आहे.
तिच्या मनात शंका नको म्हणून टाकीवर लाल ऑइल पेंटने लिहिलं: आतून शंभर टक्के तांबं. हिंमत इलेक्ट्रिकल्स. खाली मोबाइल नंबर. हायवेवरच्या ट्रकवाल्यालाही वाचता येईल. अक्षर फारच सुरेख आलंय.

२४ एप्रिल
ताईचा फोन, डीपी तपी ऱ्हायनी. म्हटलं, उन्हात माणूस तापतो, डीपी का नाही तापणार? अर्धे पंखे बंद ठेव. तिने ठेवले. चाळीस पक्षी गेले. यंदा ऊनच वाईट.

२७ एप्रिल, सकाळी ९
रात्री चोरांनी डीपी फोडली. तांब्यासाठी डीपी फोडणाऱ्या टोळ्या आमच्याकडे नव्या नाहीत. रविना म्हणते, तू त्यांना आवतण रंगवून दिलंस. ही टीका मी मनावर घेत नाही.
ताईकडे पोचलो. तेल सांडलेलं, वाइंडिंग बाहेर ओढलेलं. एका ठिकाणी तारेवरचं वॉर्निश ब्लेडने खरवडलेलं. खाली पांढरीफटक. सगळं तिथेच टाकून गेले हरामखोर. आजूबाजूचे पोल्ट्रीवाले जमले होते. एकेकाने तार हातात घेऊन बघितली.
मी म्हणालो, चोरांनी तांबं नेलं आणि त्याजागी हे टाकून गेले. कोणी हसलंसुद्धा नाही.
जनरेटर चालू होईपर्यंत तीनशे पक्षी मेले होते. ताई एकटीच पोत्यात भरत होती. मदतीला गेलो, तर तिने पोतं बाजूला ओढलं.

२८ एप्रिल
टाकीवर रंगवलेल्या नंबरवर पहिला कॉल! अनोळखी नंबर, हिंदीत. आधी माझ्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. मग म्हणाला, चार माणसांची रात्र फुकट गेली, एकाचं बोट कापलं, लिहायचंच होतं तर खरं लिहायचं. माझ्या तोंडून सॉरी निघून गेलं. चोराला सॉरी!

४ मे
ताईने सुरतहून नवी डीपी आणली. बसवायला तिथलाच मेकॅनिक. प्लेटवर स्पष्ट छापलंय, वाइंडिंग ॲल्युमिनियम. टाकी मोठी, तार जाड. भर दुपारी झाकणावर हात ठेवला तरी टिकतो. सगळे पंखे चालू.
ताईने चहा दिला. मग हळूच विचारलं, काबर नही सांगं, भाऊ? तिला पंखे फिरायला हवे होते, तांब्याचा हट्ट तिचा कधीच नव्हता. खरं सांगितलं असतं तर तिने मोठी टाकीही आणून दिली असती. बस, हळद, ऊन, रविना, चोर, सगळी कारणं माझ्याकडे तयार होती. मी गरम चहा एका घोटात संपवला. फार लाज वाटली.
तेवढ्यात मेकॅनिक आत आला. कोपऱ्यातल्या जुन्या तारेकडे बघत त्याने विचारलं, हे कोणत्या गाढवाने भरलं होतं?
ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, बाहेरना व्हता कोनी.
मीही मान डोलावली.