मंगळवारची खांदेवाली

३ मार्च, मंगळवार

गेला! सहाच्या ठोक्याला गेला, निळा शर्ट घालून. इस्त्रीचा! क्लिनिकमध्ये दिवसभर चुरगळलेला टी-शर्ट चालतो, आणि खांदेवालीकडे जायचं म्हणजे निळा शर्ट.

खांदेवाली हे नाव माझं. नवऱ्याने एवढंच सांगितलंय — "मंगळवारची पेशंट आहे गं. खांदा आखडलाय. घरी जाऊन करावं लागतं." खांदा आखडलेली माणसं चालत नाहीत का? पाय धड आहेत ना बाईचे?

माझी मान मात्र कोणाच्या हिशेबातच नाही. हॉस्टेलचे बावीस पडदे शिवून दिले या आठवड्यात, मशीनवर वाकून वाकून. काल म्हटलं, जरा दाबून दे रे. तर म्हणाला, "आज हात गळून गेलेत." आज नाही, गेले कित्येक महिने रोज गळालेले असतात. मंगळवारी संध्याकाळी तेवढी जान येते त्यांच्यात!

४ मार्च

काल आल्यावर विचारलं, कसा आहे खांदा? "कोणाचा?" म्हणे! मग एकदम आठवल्यासारखं — "हां, तो. बरा आहे."

पेशंटचा खांदा विसरणारा माणूस नाही हा.

७ मार्च, शनिवार

किराणावाल्याने आज पुन्हा सुनावलं. "वहिनी, तुम्ही नशीबवान! सोन्याचे हात घरातच. माझी कंबर त्यांनी पंधरा दिवसांत सरळ केली." मी हसले. काय करणार? याची कंबर, शाळेच्या बाईंचा गुडघा, रिक्षावाल्याची पाठ — अख्ख्या गावाला ते हात ठाऊक. मी सोडून.

दुपारी फोन. बाईचा आवाज. मऊ, साखरेच्या पाकातला. "सर आहेत का? त्यांना म्हणावं, मंगळवारी थोडं लवकर या. म्हणजे निवांत वेळ मिळेल आपल्याला."

आपल्याला!!

सांगते म्हटलं. नाही सांगणार. जा, बस वाट बघत.

८ मार्च

मान उजवीकडे वळतच नाही. रस्ता ओलांडताना अख्खी मी वळते, कपाट सरकवल्यासारखी.

१० मार्च, मंगळवार

निरोप दिला नाही तरी सहाला गेलाच. जाण्याआधी दोन्ही हात साबणाने धुतले, पुसले, आणि खिडकीपाशी उभा राहून कितीतरी वेळ बघत बसला हातांकडे. नवरीने मेंदी बघावी तसा! अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याच्या मागे दार आपटलं. शेजारच्या आजी बाहेर येऊन विचारतात, "काही पडलं का?" म्हटलं, नाही हो, वारा.

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला त्या बाईचा चेहरा बघायचाच नाहीये. मला फक्त तिचा खांदा दिसतो — आणि त्यावर याचे अंगठे. सोळा वर्षांपूर्वी, नवं नवं लग्न झालेलं तेव्हा, रोज जेवणं आटोपली की म्हणायचा, "चला, पालथ्या पडा." ते माझं होतं. माझं एकटीचं! आता ते दुसरीला मिळतंय आणि मी पडदे शिवतेय.

१२ मार्च

धाकटीला फोन करून सगळं ओकले. बहीण कसली, आगलावी आहे. म्हणाली, "ताई, रडत काय बसतेस? तूच जा पेशंट होऊन. बघू तरी काय म्हणतो."

आधी हसले. मग हसू थांबलं. का नाही?

त्याची पद्धतच आहे — आधी हात, मग कागद. मदतनीस पेशंटला पालथं झोपवते, वर चादर घालते, हा येतो आणि नाव-गाव न विचारता सरळ पाठीवर हात ठेवतो. कागद नंतर. "चेहरे विसरतो मी, पाठ विसरत नाही," असं सगळ्यांना ऐकवत असतो. एकदा बसच्या रांगेत पुढच्या माणसाला नुसता पाठीला हात लावून विचारलं होतं, "काय, मणका काय म्हणतोय?" तो माणूस उडालाच!

काउंटरवरची मुलगी आणि मदतनीस, दोघी नव्या आहेत, मला ओळखत नाहीत. धाकटीच्या नावाने शनिवारी अकराचा नंबर लावला. हात ठेवताक्षणी ओळखेल. मग मी तशीच पालथी पडून विचारणार — ती कोण?

१४ मार्च, शनिवार

झालं.

केस टॉवेलात गुंडाळले. टेबलाच्या भोकात तोंड घातलं. खाली फरशी आणि पडद्याची कड. तो पडदा मीच शिवलेला, दुहेरी शिलाई. मदतनीस चादर घालून गेली. मग त्याच्या चपला आल्या.

हात ठेवले. मी वाट बघितली.

"ताई, श्वास सोडा. सावकाश. आपल्याला काही घाई नाही."

ताई!

चेष्टा करतोय वाटलं. माझ्या डाव्या खांद्याखाली एक गाठ आहे, हरभऱ्याएवढी, जन्मापासूनची. त्याची लाडकी. अंगठा तिथे आला की दाबायचा आणि विचारायचा, "कोणी आहे का घरात?" मी म्हणायची, नंतर या. आज अंगठा खालून वर आला, गाठीवरून गेला आणि तसाच पुढे. थांबलाही नाही. पुन्हा आला. पुन्हा गेला.

मग कोपर लावलं. म्हणाला, "फार सोसलंय हो या मानेने. घरी कोणाला सांगता की नाही? दाबून देणारं आहे ना कोणी?"

मी चादर चावली. "हं" एवढंच निघालं तोंडातून.

एवढ्या मायेने तो माझ्याशी कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. आणि आज बोलला तो माझ्याशी नव्हेच. मला माझाच हेवा वाटला! असं कधी कोणाला झालं असेल का?

तो पुढच्या पेशंटकडे गेला तशी उठले, चपला हातात घेतल्या आणि पळाले. कागद तिथेच राहिला.

सोळा वर्षं. पाठ विसरला. नाही — पुसली. तिच्या खांद्याने माझी पाठ पुसून टाकली.

१५ मार्च

"काय झालं गं?" काही नाही. "मान दुखते का?" काही नाही म्हटलं ना!

मान बरी आहे, हेच तर दुखणं.

१७ मार्च, मंगळवार

पावणेसहा. तो निळा शर्ट चढवत होता. ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. "शनिवारची अकराची पेशंट मी होते."

"कुठली?"

"जिला ताई म्हणालास ती! गाठीवरून दोनदा अंगठा गेला तुझा. दोनदा! अरे, बसच्या रांगेतली माणसं ओळखतोस, आणि बायको ओळखू येत नाही? तिचा खांदा बरा ओळखू येतो!"

वाटलं, चिडेल. खोटं बोलेल. माझ्यावरच उलटेल. तो खुर्चीत बसला, बटणं तशीच उघडी. "तू होतीस?" म्हणाला. मग हळूच, "गाठ होती तिथे?"

"सोळा वर्षं दाबत आलास तिला!"

एवढ्या मोठ्या माणसाला मी असं रडताना पाहिलं नव्हतं. तरी मला पाझर फुटला नाही, खरं लिहिते. उलट वाटलं, सापडला! म्हटलं, रडगाणं नको, मला घेऊन चल तिच्याकडे. मला बघायचीच आहे तुझी खांदेवाली.

डोळे पुसले. "चल," म्हणाला.

मी कपडेही बदलले नाहीत.

१८ मार्च

खांदेवालीचे दोन्ही खांदे धड आहेत. ती हाताच्या नसांची डॉक्टर आहे. आठ महिने झाले, हा तिच्याकडे जातो. कोणाला कळलं तर पेशंट येणार नाहीत, म्हणून मलासुद्धा सांगितलं नाही.

तिने त्याला डोळे मिटायला सांगितले आणि टाचणी घेतली. अंगठा टोचला. त्याच्या शेजारचं बोट टोचलं. मधलं टोचलं. मग दुसऱ्या हाताची तिन्ही. मी बघत होते.

तो डोळे मिटून म्हणाला, "करा ना डॉक्टर, सुरू करा."